सोडलेलं फळ

निकालाच्या दिवशी सोमवार होता, माझा उपास. पोथीचा अध्याय झाला, तुळशीला पाणी घातलं आणि देवापुढं साखर ठेवताना मनात रविराजचंच नाव होतं. ते लपवत नाही. रविराज माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. दीर गेले तेव्हा तो आठवीत होता, पुढं आमच्याच घरात वाढला. यंदा तो सरपंचपदाला उभा राहिला आणि तो यावा म्हणून मी एकवीस दिवस एकभुक्त राहिले होते.

मोजणी दौंडला होती. साडेबाराला यजमानांचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन पालथा ठेवला.

"चौदा मतांनी पडला," ते म्हणाले.

"आणि बाकीचे?"

"पॅनेल आलं. नवातले सहा आपले. त्यो एकटाच पडला."

हरणं आमच्या घराला नवं नाही. सासरे दोनदा पडले होते, सोसायटीला हेही एकदा पडले. दोन दिवस जेवण जात नाही, तिसऱ्या दिवशी माणूस रानात जातो. पण पॅनेल यावं आणि पुढारीच पडावा, यात वेगळं विष असतं. त्याचा अर्थ गावात एकच निघतो: आपल्यातल्याच कुणीतरी सदस्याचं बटण दाबलं आणि सरपंचाच्या वेळेला हात दुसरीकडं नेला. मग 'हरलो' असं कुणी म्हणत नाही. 'पाडलं' म्हणतात. आणि पाडलं म्हटलं की पाडणारा शोधावा लागतो.

आमचं गाव राहू गावाच्या अलीकडं, भीमेच्या काठाला. घराच्या ओट्यावरून मारुतीचं देऊळ, पार आणि पुढचं पटांगण सगळं दिसतं. पटांगणात सकाळपासून जेसीबी उभा होता, शिरूरहून भाड्यानं आणलेला. हल्ली विजयाची मिरवणूक निघाली की त्याच्या बकेटात गुलाल भरून वरून उधळतात, त्यासाठी. गुलालाची दोन पोती बकेटात तशीच होती, तोंडं शिवलेली. चालक सुरज म्हणून गोरखपूरकडचा माणूस. दुपारपर्यंत तो सावलीला बसून येईल त्याला विचारत होता, "भैया, जुलूस कब निकलेगा?" एक वाजून गेल्यावर त्यानं विचारायचं सोडलं.

तीनला रविराजची गाडी आली. तो घरी आला नाही, पारावर बसला. मी पाणी पाठवलं, तांब्या तसाच परत आला. तो बोलत नव्हता, मोबाईल नुसता हातात उलटासुलटा करत होता. बोलत होता पप्पू. हा पप्पू त्याच्या गाडीत कायम पुढच्या सीटवर बसणारा, तिशीचा, लग्नाचा राहिलेला.

"मायावहिनी किती मतांनी आली?" त्यानं विचारलं.

"एकशे बारा," कुणीतरी म्हणालं.

"एकशे बारा. आन् दादा चौदानं पडले. आता ह्याला काय ज्योतिषी पायजे व्हय?"

दोघं-तिघं हसले. ते हसणं ओट्यावर ऐकू आलं आणि मला बरं वाटलं नाही.

माया म्हणजे नागसेनची बायको. नागसेन कुरकुंभला कंपनीत कामाला. प्रचारासाठी त्यानं आठ दिवस रजा टाकली होती. बौद्धवस्तीचं मतदान रविराजलाच होईल असा शब्द त्यानं याच पारावर सगळ्यांसमोर दिला होता. माया आमच्याच पॅनेलमधून राखीव जागेवर उभी राहिली आणि निवडून आली. त्यांचं घर गावाच्या खालच्या अंगाला, गायरानात. तसं निम्मं गाव गायरानात आहे, पण बोलायची वेळ आली की एकाच घराचं नाव निघतं. घराचा स्लॅब टाकून पंधरा दिवस झाले होते, खालचे टेकू अजून काढलेले नव्हते.

"सवताची बायको आणली निवडून आन् दादाला दिला ढकलून," पप्पू म्हणाला. "गायरानात बंगला बांधतोय, आमी बघतोय."

"अतिक्रमण काढायचं ते सरकारचं काम हाय," कोंडिबा म्हणाला. साठीचा माणूस, आमच्या बांधाला बांध लागून.

"सरकार कवा यायचं मामा? मशीन तर हिथंच हाय. भाडं दिवसाचं ठरलंय. गुलाल न्हाई तर न्हाई, माती उचलंल."

रविराज 'चला' म्हणाला नाही, आणि 'नको'ही म्हणाला नाही. मी त्याला वाढवलंय. राग आला की तो ओरडत नाही. दुसऱ्याला बोलू देतो.

चारला कस्तुराबाई आली. ती कोंडिबाची बायको. रोज चारला पंधरा-वीस बायका माझ्याकडं हरिपाठाला जमतात. आज ती एकटीच, तीही मागच्या दारानं.

"आज कोण येत न्हाई काकू. समद्या भ्याल्यात."

"कशाला भ्यायचं?"

"त्या चौदा मतांचं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आमी तर तुमचं ऐकलं. हात न्हाई लावला."

"कशाला हात नाही लावला?"

"कलिंगडाला."

कलिंगड हे रविराजचं निवडणुकीचं चिन्ह होतं. मी तिच्याकडं बघत राहिले आणि हळूहळू मला सगळं उमगायला लागलं.

माघात रविराजनं गावातल्या बेचाळीस बायकांना काशीला नेलं होतं. निवडणूक तोंडावर होती, कशासाठी नेलं ते प्रत्येकीला ठाऊक होतं. पण गंगा ती गंगाच. काशीला गेलं की एक फळ तिथं सोडून यायचं, ही जुनी रीत. सोडलं म्हणजे जन्मात पुन्हा खायचं नाही, हातही लावायचा नाही. घाटावरचा पंडा म्हणाला, "माताजी, एक-एक फल छोड़िए." बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. आंबा सोडवेना. केळं उपासाला लागतं. मी सीताफळ सोडलं, मला फार आवडायचं. माझ्या मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "कलिंगड सोडा गं, दोन महिन्याचं तर असतंय." आणि एकीचं बघून दुसरीनं, असं करत बऱ्याच जणींनी कलिंगड सोडलं. हसत हसत सोडलं. मीही हसले होते.

पुढं चैत्रात चिन्हं वाटली. रविराजला ट्रॅक्टर हवा होता, तो दुसऱ्याला गेला. सदस्यांना छत्री, कपबशी, शिलाई मशीन असलं काही काही मिळालं, आणि याच्या वाट्याला कलिंगड आलं. त्यानं ते हौसेनं घेतलं. टेम्पो भरून कलिंगडं आणली आणि आळीआळीनं वाटली.

मतदानाच्या आदल्या दिवशी हरिपाठ झाल्यावर याच कस्तुराबाईनं मला विचारलं होतं, "काकू, काशीत सोडल्यालं कलिंगड. आता हात लावावा का?" तेव्हा टेम्पोतून उतरवलेली पाच-सहा कलिंगडं माझ्या ओट्यावरच पडली होती. मला वाटलं, ती कापून वाटायची का म्हणून विचारतेय. मी म्हणाले, "सोडलं ते सोडलं. बोटसुद्धा लावू नये." सगळ्याजणींनी माना डोलावल्या होत्या.

"बोटसुद्धा, असं म्हणला तुमी," कस्तुराबाई आता म्हणाली. "सदस्यांची समदी दाबली. सरपंचाला आल्यावर हात थांबला. दुसऱ्याला द्यावं तर रविराजनं गंगा दावली, बेइमानी व्हतीय. आन् मशीन तर वाजल्याबिगर सोडंना. मग सगळ्यात खालचं दाबलं, कुणीच न्हाईचं."

"तू एकटीनं?"

"न्हाई वो. कलिंगडवाल्या आमी एकोणीस जणी. देवळामागं बोलून मगच गेलो."

मी खाली बसले. इतकी वर्षं बायका माझ्याकडं शंका घेऊन येतात. ग्रहणात पाणी प्यावं का, सुतकात दिवा लावावा का. मी हळू आवाजात एका वाक्यात सांगते आणि त्या जातात. कुणी कधी 'का' म्हणून विचारलं नाही. ते मला गोड वाटत आलं होतं.

"आमच्या मालकांना कळू देऊ नका," कस्तुराबाई म्हणाली. "त्यांच्या हातात दावं असतंय तवा त्यांना बाईमाणूस दिसत न्हाई." आणि आली तशी मागच्या दारानं गेली.

यजमान आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हे तुझ्या-माझ्यात ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "एकोणीस घरं हायेत. रातच्याला प्रत्येक घरात चौकशी लागंल. एखादीचं बरंवाईट झालं तर?"

"आणि तिकडं घर पाडलं तर?"

त्यांनी खिडकीतून पटांगणाकडं बघितलं. मग म्हणाले, "ते घर आपल्यातलं न्हाई."

चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी वाईट शब्द ऐकलेला नाही. हाही त्यांनी वाईट म्हणून काढला नव्हता. हळू, काळजीच्या सुरात म्हणाले होते. मला भीती वाटली ती त्याचीच.

तेवढ्यात पटांगणात जेसीबी सुरू झाला.

पारावर पुरुष बसलेले असताना मी त्या बाजूनं जात नाही. देवळात जायचं तरी मागच्या वाटेनं. त्या दिवशी समोरून गेले. वरच्या आळीत सत्यजीतच्या फटाक्यांच्या माळा लागल्या होत्या. सत्यजीत म्हणजे निवडून आलेला सरपंच. इकडं वीस-पंचवीस माणसं जेसीबीच्या मागं गोळा झाली होती आणि पप्पू पायरीवर चढून दांड्याला धरून उभा होता.

"कुठं निघालास रे?" मी सुरजला विचारलं.

"माताजी, ये लोग बोले नीचे बस्ती में जाना है. कुछ मिट्टी उठानी है."

त्याला काहीच माहीत नव्हतं. मी आणखी बोलले, पण माझा आवाज मुळात बारीक, इंजिनापुढं कुणाला पोचेना. मग मी पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहिले. सुरजनं आपण होऊन इंजिन बंद केलं.

"काकी," रविराज पारावरूनच म्हणाला, "उपास हाय तुमचा. घरी जावा. चक्कर येईल."

"रवि, तुला नागसेननं पाडलं नाही."

"मग कुणी?"

"काकू, तुमी साध्या हायसा," पप्पू वरून म्हणाला. "तुमाला ह्यातलं कळायचं न्हाई."

"मी पाडलं," मी म्हणाले.

आणि सांगितलं. काशी, घाट, सोडलेलं फळ, माझ्या ओट्यावरची कलिंगडं, मी दिलेलं उत्तर. कुणी विचारलं आणि किती जणी होत्या ते मात्र सांगितलं नाही. मागं कुणाला तरी हसू फुटलं, ते अर्ध्यातच विरलं.

"कलिंगडापायी?" पप्पू म्हणाला.

"मोजणीला तुझा माणूस म्हणून नागसेनच बसला होता ना?" मी रविराजला विचारलं. "त्याच्याकडं खोलीवार आकडे असतील."

"दुपारीच धाडलाय त्यानं कागदाचा फोटो. मी उघडला न्हाई."

"उघड."

त्यानं फोटो उघडला. बोटांनी मोठा केला. वाचताना त्याचा आवाज सपाट होता.

"वस्तीची खोली. मला दोनशे सहा. सत्यजीतला एकाहत्तर. कोणीही नाही, दोन." मग थांबला. "शाळेची उत्तरेकडची खोली. आपली. कोणीही नाही, एकवीस."

वस्तीनं दिलेला शब्द कागदावर होता. मला वाटलं, संपलं. माझं पुन्हा चुकलं.

"कोण कोण?" रविराजनं विचारलं.

"नावं मी सांगणार नाही. बोलणं माझं होतं, माझं नाव घे."

"नका सांगू. माझ्याकडं हायत."

रेल्वेची तिकिटं काढायला त्यानं बेचाळीस जणींची नावं, वयं, आधारकार्डं घेतली होती. ती यादी अजून त्याच्या मोबाईलमध्ये होती. तो उभा राहिला आणि मोठ्यानं वाचायला लागला. समोर उभे होते ते त्याच बायकांचे नवरे, मुलं, दीर.

"शेवंताबाई. पार्वती. कस्तुरा कोंडिबा."

कोंडिबाची नजर जमिनीवर गेली. त्याच्या उजव्या हाताची मूठ वळली, सुटली, पुन्हा वळली. कस्तुराबाई आत्ता घरात चूल पेटवत असेल आणि तिला यातलं काही माहीत नाही.

"सांगा की मामा, काय सोडलंय मामीनं?" रविराजनं विचारलं. अगदी गोड आवाजात.

"आमी न्हाई विचारलं," कोंडिबा म्हणाला.

"आज इचारा." त्यानं पुढचं नाव वाचलं. "हौसा ज्ञानोबा." आणि वर बघितलं. "पप्पू, तुझी आई."

"माझ्या आईनं आंबा सोडलाय," पप्पू म्हणाला.

"आंबा?"

"आंबाच." मग जरा वेळानं, "मला वाटतंय."

"जा, इचारून ये. आमी थांबतो."

पप्पू हलला नाही. त्याचा हात अजून दांड्यावर होता, पण आता आधाराला धरल्यासारखा. त्याची आई दमेकरी, नवरा नसलेली. गंगेत पहिल्यांदा पाय घातला तेव्हा रविराजचं भलं मागून तिनं ओंजळ सोडली होती. ते मी पाहिलं होतं.

"दादा," पप्पू म्हणाला, "पुढं नका वाचू."

"का? आत्ता तर लई हिशेब सांगत व्हतास."

"नका वाचू म्हणलं ना."

तो पायरीवरून खाली उतरला. मागची माणसंही थोडी थोडी मागं सरकली. कुणी मोबाईल काढला, कुणी बैलाला पाणी पाजायचं राहिलंय म्हणालं. रविराज एकेकाकडं बघत होता. त्या नजरेत पश्चात्ताप होता असं मी म्हणणार नाही. बेचाळीस घरं आज दुखावली तर पुढच्या वेळी उभं राहायला कोण उरणार, हे तो बघत होता. मोबाईल त्यानं खिशात घातला.

"मग लोकांना काय सांगू?" त्यानं मला विचारलं. "कलिंगडानं पाडलं म्हणून?"

"पाडलं म्हणू नकोस. हरलो म्हण. सत्यजीत आलाय, ते म्हण."

"एवढंच?"

"एवढंच आहे ते."

तो ते शब्द बोलला नाही. सुरजला म्हणाला, "ले जा शिरूर." सुरजनं विचारलं, "और ये बोरी?" त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. त्यानं दोन्ही पोती देवळाच्या भिंतीला लावून ठेवली आणि जेसीबी माघारी काढला. रविराज माझ्याजवळून जाताना थांबला.

"काकी, तुमी बोलला नसता तर बरं झालं असतं," तो म्हणाला. पूर्वी ताटावरून उठताना 'पोट भरलं' म्हणायचा, तितक्याच हळू.

दिवेलागणीला नागसेन आला. ओट्याखालीच उभा राहिला. वर ये म्हटलं तर आला नाही.

"कळलं मला, काकू. पप्पूनंच फोन केला."

"घर वाचलं रे बाबा तुझं," मी म्हणाले. "आता आकडेच सगळ्यांनी ऐकलेत. तुझ्या शब्दावर कुणाला बोट ठेवता यायचं नाही."

"व्हय," तो म्हणाला. "एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"वस्तीनं खरंच दादाला मत दिलं नसतं, तर?"

मला पहिल्यांदा नीट समजलं नाही. तो शांतपणेच पुढं म्हणाला, "मतच हाय ते. ज्याला वाटंल त्याला द्यायचं. तुमच्यातल्या बायांनी न्हाई दिलं, त्यांच्या दारात कुणी मशीन न्हाई नेलं. आमचा आकडा बरोबर निघाला म्हणून आमी वाचलो. आकडा दुसरा असता, तर तुमी काय बोलला असता, काकू?"

आतल्या खोलीत यजमानांनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

"आक्काबाई कुठंय?" मी विचारलं. आक्काबाई त्याची आई. आम्ही दोघींनी तरुणपणी एका वाफ्यात कांदा लावलेला.

"यवतला, ताईकडं. दुपारीच धाडली, पोरांसंगं. माया बी गेली." तो कसनुसा हसला. "निवडून आलेली बाई, अंगाला गुलाल न्हाई आन् एसटीत बसून गेली."

"आता बोलावून घे त्यांना."

"तुमी म्हणाल तसं. गाडी आठची हाय यवतवरनं. फोन करू का आत्ता?"

कर, असं म्हणायला मी तोंड उघडलं. समोर पारावर अजून चौघं-पाचजण बसलेले होते. मघापासून त्यांचं आपसात काहीतरी चाललं होतं, ते आता थांबलं होतं. त्यांतल्या एकानं विडी पेटवली. उजेडात दिसलं, सगळे आमच्याकडंच बघत होते.

"आज नको," मी म्हणाले.

नागसेननं मान हलवली, जणू हेच ऐकायला तो इथवर आला होता. मग पाराच्या समोरून न जाता तो देवळाच्या मागच्या वाटेनं खाली वस्तीकडं गेला.